घरचा मिठू, वरचा मकाव आणि मधला चोरबाजार

एका सोसायटीत दोन पिंजरे आहेत असं धरून चाला. पहिल्या मजल्यावरच्या गॅलरीत आपला नेहमीचा हिरवा पोपट, गळ्याला काळा-गुलाबी कंठ, समोर कुरतडलेली मिरची आणि पेरूची फोड. आजींनी त्याला 'विठू विठू' म्हणायला शिकवलंय. चौथ्या मजल्यावर एका हौशी गृहस्थाकडे निळा-पिवळा मकाव आहे. मूळचा दक्षिण अमेरिकेतला, किंमत लाखाच्या घरात. यातला बेकायदा पिंजरा कोणता, असं विचारलं तर बहुतेक जण वर बोट दाखवतील.

खात्रीने बेकायदा आहे तो खालचा. वरचा कायदेशीर असेल किंवा नसेल. ते त्याच्या कागदांवर ठरेल. आजींचा मिठू मात्र आज कुठलाही कागद काढून कायदेशीर करून घेता येत नाही.

हे ऐकून लोक चिडतात, आणि ते चिडणं मला समजतं. पिढ्यान्‌पिढ्या चाळीच्या गॅलऱ्यांमध्ये पोपट टांगलेले आपण पाहिलेत. त्यात गुन्हा कसला? पण पक्ष्यांचा चोरटा व्यापार समजून घ्यायचा तर सुरुवात इथूनच करावी लागते. देशी पक्ष्यांना एक नियम आहे, परदेशी पक्ष्यांना दुसरा, आणि विकणाऱ्यांनी या दोन नियमांच्या मधल्या फटीत दुकान थाटलंय. गिऱ्हाइकाला फरक कळत नाही, तोवर ते दुकान चालतं.

देशी पक्षी: सरळ बंदी

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम १९७२ साली आला. पण त्यानंतरही बरीच वर्षं काही जातींचे पक्षी परवाना घेऊन पकडता येत होते, विकताही येत होते. भारत त्या काळात जिवंत पक्ष्यांचा मोठा निर्यातदार होता. मुनिया आणि पोपट टोपल्या भरभरून युरोपात, अमेरिकेत, आखातात जात. आज लंडनच्या बागांमध्ये, ॲमस्टरडॅममध्ये, ब्रसेल्समध्ये आपल्याकडच्यासारखेच कंठवाले हिरवे पोपट थव्याने ओरडत फिरतात. ते तिथे उडत गेलेले नाहीत. पिंजऱ्यातून सुटलेल्या किंवा सोडून दिलेल्या पोपटांची ती वंशावळ आहे. तिकडे स्थायिक झालेल्या मराठी माणसाला सकाळी खिडकीबाहेर तो आवाज ऐकून गावाची आठवण येत असेल, पण तिथल्या पक्षितज्ज्ञांना तो त्यांच्या स्थानिक पक्ष्यांच्या ढोली बळकावणारा पाहुणा वाटतो.

१९९०-९१ मध्ये हे सगळं थांबवण्यात आलं. देशी जंगली पक्षी पकडणं, विकणं, निर्यात करणं, सगळ्यावर बंदी आली. कायद्यात 'शिकार' या शब्दाची व्याख्याही बंदुकीपुरती नाही. जिवंत पकडणं, जाळं किंवा फासे लावणं, अंडी किंवा घरटी उद्ध्वस्त करणं, हे सगळं शिकारीतच येतं. २०२२ च्या दुरुस्तीने कायद्याच्या अनुसूची, म्हणजे जातींच्या याद्या, नव्याने मांडल्या. पूर्वी सहा होत्या, आता चार आहेत, आणि आपला कंठवाला पोपट दुसऱ्या अनुसूचीत आहे. शिक्षा साधारणपणे तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. पहिल्या अनुसूचीतल्या प्राण्याची शिकार असेल तर किमान तीन आणि कमाल सात वर्षं.

तरीही बाजार चालूच राहिला. पक्षितज्ज्ञ अबरार अहमद यांनी 'ट्रॅफिक' या वन्यजीव व्यापारावर लक्ष ठेवणाऱ्या संस्थेसाठी वर्षानुवर्षं देशभरातले पक्षीबाजार पालथे घातले. भारतात तेराशेच्या आसपास जातींचे पक्षी आढळतात. त्यातल्या सुमारे साडेचारशे जाती त्यांना कुठे ना कुठे विक्रीला सापडल्या. पोपटांच्या बारा देशी जातींपैकी किमान आठ जाती बंदीनंतरही नियमितपणे विकल्या जात होत्या. कोलकात्याची गॅलिफ स्ट्रीट, लखनौचं नखास, पाटण्याची मीरशिकार टोली, हैदराबादचा मुर्गी चौक, आपल्या मुंबईचं क्रॉफर्ड मार्केट, ही नावं या विषयावरच्या लिखाणात पुन्हा पुन्हा येतात. छापा पडला की पिंजरे आत जातात आणि काही दिवसांनी पुन्हा बाहेर येतात. अलीकडे तर पक्षी समोर ठेवायचीही गरज उरलेली नाही. दुकानात शोभेचे मासे आणि लव्हबर्ड दिसतात. 'बोलका पाहिजे का?' हा प्रश्न हळू आवाजात येतो आणि माल भलत्याच ठिकाणाहून आणून दिला जातो.

ढोलीतून पिंजऱ्यात

पोपट स्वतः घरटं बांधत नाही. जुन्या झाडातली नैसर्गिक पोकळी, सुतार पक्ष्याने कोरून सोडलेलं भोक, पडक्या किल्ल्याच्या भिंतीतली खाच, अशी जागा तो शोधतो. हिवाळा सरता सरता विणीचा हंगाम सुरू होतो आणि उन्हाळ्याच्या तोंडाला पिल्लं बाजारात येऊ लागतात. पोपट विकणाऱ्याला पिल्लूच हवं असतं, कारण मोठा जंगली पक्षी माणसाळत नाही, बोलत नाही. पिल्लू पंख फुटण्याआधी ढोलीतून काढलं, हाताने भरवलं, की ते माणसालाच आपलं समजू लागतं. ढोली ज्यांना माहीत आहेत ते दरवर्षी त्याच झाडावर चढतात. हात आत जात नसेल तर भोक रुंद केलं जातं, कधी फांदीच तोडली जाते. मग ती ढोली पुढच्या वर्षीसाठीही गेली.

मुनियांसारखे थव्याने फिरणारे छोटे पक्षी मात्र मोठेच पकडतात. शेताच्या कडेला जाळं, मधे आमिष म्हणून बांधून ठेवलेला एखादा पक्षी. फांद्यांना वड-पिंपळाचा चीक उकळून केलेला चिकटा लावण्याची पद्धतही जुनी आहे. पक्षी बसला की पाय आणि पंख दोन्ही अडकतात.

पकडणाऱ्यांबद्दल बोलताना मी जरा थांबतो. उत्तरेत बहेलिया, बिहारमध्ये मीरशिकार, आपल्याकडे फासेपारधी, असे काही समाज पिढ्यान्‌पिढ्या या कौशल्यावर जगले. ब्रिटिशांनी १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याखाली अशा अनेक जमातींवर जन्मजात गुन्हेगाराचा शिक्का मारला, आणि तो पुसायला स्वातंत्र्यानंतरही आपण फारशी घाई केली नाही. आज पक्षी पकडणारे सगळे याच समाजांतले असतात असंही नाही. पण छाप्यात सापडतो तो बहुतेकदा झाडावर चढणारा किंवा टोपली वाहणारा गरीब माणूस. पिल्लामागे त्याच्या हाती पडते ती चिल्लर. गावातला दलाल, शहरातला घाऊक व्यापारी, दुकानदार, अशा एकेका पायरीवर किंमत फुगत जाते आणि पायरी जितकी वरची तितका माणूस अटकेपासून लांब. अबरार अहमद आणि त्यांच्यासारख्या इतरांना पक्ष्यांची खडान्‌खडा माहिती मिळाली तीही याच पकडणाऱ्यांकडून. ढोली कुठे आहेत हे ज्याला माहीत आहे, त्यालाच त्या राखायला नेमता येईल. त्याच्या पोटापाण्याची दुसरी सोय न करता नुसतं त्याला पकडत राहिलं, तर व्यापार थांबत नाही, चेहरे बदलतात.

वाटेतले हाल वर्णन करून सांगण्यासारखे नाहीत. छोट्या करंडीत दाटीवाटीने भरलेली पिल्लं, ट्रकच्या टपावर किंवा रेल्वेच्या डब्यात बाकाखाली, पाणी नाही, हवा नाही. दुकानात एक पोपट दिसतो तेव्हा त्याच्यासोबत निघालेले बाकीचे किती पोचले, हे गिऱ्हाईक कधी विचारत नाही.

'पण पोपट तर ढीगभर दिसतात, दोन-चार पकडले तर काय झालं?' हा प्रश्न हमखास येतो. हा प्रश्न गांभीर्याने घ्यायला हवा, कारण त्याचं उत्तर डोळ्यांना दिसत नाही. पोपट दीर्घायुषी पक्षी आहे. पिल्लं दरवर्षी ढोलीतून काढून नेली तरी मोठे पक्षी पुढची कित्येक वर्षं उडत, ओरडत राहतात. थवा भरलेला दिसतो. कोकणातल्या एखाद्या वाडीसारखं असतं ते: घरं उघडी, अंगणं सारवलेली, दिवा लागतो, पण आत सगळे साठीच्या पुढचे आणि तरुण मुंबईला. वाडी ओस पडते ती एका वर्षात पडते, पण तिची सुरुवात फार आधी झालेली असते. खांद्यावर लाल ठिपका असलेला मोठा पहाडी पोपट आज जागतिक यादीत 'संकटाच्या उंबरठ्यावर' या वर्गात आहे, आणि पिंजऱ्यासाठी पिल्लं काढली जाणं हे त्यामागचं एक प्रमुख कारण मानलं जातं.

रंगरंगोटी

पहाडी पोपटाला भाव जास्त, साध्या कंठवाल्याला कमी. मग काय, साध्या पिल्लाच्या खांद्यावर लाल रंगाचा हात फिरवला की झाला पहाडी. दोघांचीही पिल्लं हिरवी असतात, कंठ यायला वेळ लागतो. नवख्याला फरक कळत नाही. रंग उतरेपर्यंत दुकानदाराचा फोन लागेनासा होतो. मुनियांना गुलाबी, पिवळा, हिरवा रंग फासून 'फॉरेन'चे पक्षी म्हणून विकण्याचा उद्योगही जुनाच आहे. फसवणूक दोन्ही बाजूंनी उपयोगी पडते. गिऱ्हाइकाकडून जास्त पैसे मिळतात, आणि वनखात्याचा माणूस आलाच तर 'साहेब, हे परदेशी आहेत, यांना कायदा लागू नाही' असं सांगता येतं.

याच चालीने आणखी एक गोष्ट खपवली जाते. कंठवाल्या पोपटाचे निळे आणि पिवळे प्रकार बाजारात 'रिंगनेक' या नावाने मिळतात. नाव इंग्रजी, रंग वेगळा, म्हणजे परदेशी पक्षी, असा समज. ते पिंजऱ्यात पैदास करून मिळवलेले रंगबदल आहेत हे खरं, पण जात तीच. कायद्याच्या अनुसूचीत जातीचं नाव लिहिलेलं असतं, रंगाचं नाही.

श्रद्धेचा भाग वेगळाच. पुण्य मिळावं म्हणून पिंजऱ्यातले पक्षी विकत घेऊन आकाशात सोडण्याची प्रथा अनेक ठिकाणी आहे. भावना चांगली असते. पण सोडायला पक्षी लागतो म्हणून तो आधी पकडला जातो, आणि सोडलेला दमलेला पक्षी जवळच कुठेतरी बसतो तेव्हा तो परत पकडणंही सोपं असतं. दसऱ्याला नीलपंखाचं दर्शन शुभ मानतात. उत्तर भारतात आणि तेलंगणात त्यासाठी तो पकडून, पाय बांधून, दारोदार फिरवला जात आलाय. तेलंगणाचा तो राज्यपक्षी आहे, ही त्यातली गंमत म्हणावी की विटंबना, तुम्हीच ठरवा. दिवाळीच्या तोंडावर घुबडांची मागणी वाढते ती तर निव्वळ अघोरी पूजेपायी. घुबड लक्ष्मीचं वाहन. लक्ष्मी घरी यावी म्हणून तिच्या वाहनाचा बळी द्यायचा, यातला तर्क मला अजून कोणी समजावून दिलेला नाही.

परदेशी पक्षी: सगळा खेळ कागदांचा

आता चौथ्या मजल्यावर जाऊ. मकाव, आफ्रिकन ग्रे, काकाकुवा, सन कन्युअर हे भारतातले पक्षी नाहीत, म्हणून देशी पक्ष्यांवरची बंदी त्यांना तशीच्या तशी लागत नाही. त्यांच्यासाठी आहे तो 'सायटीस' हा धोक्यातल्या वन्य प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार. १९७३ मध्ये वॉशिंग्टनमध्ये त्यावर सह्या झाल्या, १९७५ पासून तो अमलात आला, आणि भारत १९७६ मध्ये त्यात सामील झाला. कराराला तीन परिशिष्टं आहेत. पहिल्यात नामशेष होण्याचा धोका असलेल्या जाती. जंगलातून पकडलेल्या अशा जिवांचा देशादेशांतला धंदा बंद. दुसऱ्यातल्या जातींचा व्यापार परवाने घेऊन करता येतो. तिसरं परिशिष्ट इथे बाजूला ठेवू.

पोपट कुळातल्या जवळपास सगळ्या जाती पहिल्या किंवा दुसऱ्या परिशिष्टात आहेत. अपवाद फक्त चार: बजी, कॉकटील, पीच रंगाच्या चेहऱ्याचा लव्हबर्ड आणि आपला कंठवाला पोपट. म्हणजे जगाच्या कराराने आपल्या मिठूला मोकळं सोडलंय आणि आपल्याच देशाच्या कायद्याने त्याला जपलंय. गोंधळ उडतो तो इथेही.

आफ्रिकन ग्रेची गोष्ट जरा सविस्तर सांगतो, कारण हा व्यापार एखाद्या जातीचं काय करू शकतो हे तिच्यात स्पष्ट दिसतं. राखाडी अंग, लाल शेपूट, आणि माणसासारखं बोलण्यात सगळ्या पोपटांत वरचढ. राहतो पश्चिम आणि मध्य आफ्रिकेच्या जंगलात. हे पक्षी शेकड्यांनी एकत्र झाडांवर रात्र काढतात, जंगलातल्या ठरावीक मोकळ्या जागी पाण्यावर आणि मातीवर उतरतात. सगळे एका जागी येतात हीच त्यांची दुबळी बाजू. चिकटा लावलेल्या फांद्या, जाळी, ओरडायला लावलेला बांधलेला पक्षी, की एका फटक्यात ढीगभर हाती. १९८२ ते २००१ या काळात साडेसहा लाखांहून जास्त जंगली आफ्रिकन ग्रे कायदेशीर कागदांवर देशादेशांत विकले गेले. वाटेत मेलेले आणि कागदाविना गेलेले त्यात नाहीत. घानामध्ये झालेल्या एका अभ्यासात १९९२ पासून तिथली संख्या नव्वद टक्क्यांहून जास्त घटल्याचं दिसलं. अखेर २०१६ मध्ये जोहान्सबर्गच्या परिषदेत या जातीला पहिल्या परिशिष्टात टाकलं. तोवर ती दुसऱ्यात होती, म्हणजे हे सगळं परवान्यांच्या देखरेखीखाली घडलं.

भारतात परदेशी पक्षी कायदेशीर मार्गाने आणायचा तर सायटीसचा परवाना, विदेश व्यापार महासंचालनालयाचा आयात परवाना, मुख्य वन्यजीव रक्षकांचं ना-हरकत, मग विलगीकरण, असा लांब रस्ता आहे. चोरटा रस्ता आखूड. थायलंड-म्यानमारमधून मिझोराम, तिथून आसाम आणि पुढे गुवाहाटी-कोलकात्याकडे, हा एक ठरलेला मार्ग. बांगलादेशच्या सीमेवरून पश्चिम बंगालमध्ये, हा दुसरा. तिसरा विमानाचा, आग्नेय आशियातून येणाऱ्या प्रवाशांच्या बॅगांमधून. जुलै २०२० मध्ये आसामच्या काचार जिल्ह्यात मिझोरामच्या सीमेजवळ वनखात्याने एक ट्रक अडवला, तर आत हायसिंथ मकाव, आल्डाब्रा कासवं, कापुचिन माकडं आणि चक्क एक कांगारू! तीन खंडांतले प्राणी ईशान्येच्या एका रस्त्यावर. हे कोणा हौशी माणसाचं काम नव्हे. यामागे ऑर्डर देणारा आणि घेणारा दोन्ही ठरलेले असतात.

लपवण्याच्या युक्त्या ऐकून अंगावर काटा येतो. २०१५ मध्ये इंडोनेशियातल्या सुराबायाच्या बंदरात पिवळ्या तुऱ्याचे काकाकुवे प्लास्टिकच्या पाण्याच्या बाटल्यांत कोंबलेले सापडले. गयानातून न्यूयॉर्कला छोट्या फिंच केस कुरळे करायच्या नळकांड्यांत घालून नेतात. पण मला सगळ्यात चलाख वाटतो तो अंड्यांचा मार्ग. अंगाला बांधायच्या पट्ट्यात खिसे करून अंडी ठेवायची. ती ओरडत नाहीत, शरीराच्या उबेने टिकतात, आणि पकडलं जायची वेळ आलीच तर फोडून टाकता येतात. मुक्कामी पोचली की उबवणी यंत्रात. अंडी चोरीची, पण पिल्लू 'इथेच जन्मलेलं'.

आणि 'इथेच जन्मलेलं' हे दोन शब्द म्हणजे या धंद्यातली खरी चलनी नोट. आंतरराष्ट्रीय करार सीमेवर लागू होतो. एकदा पक्षी सीमा ओलांडून आत आला, की तो बाहेरून आला हे सिद्ध कसं करायचं? पकडलेला माणूस म्हणतो, माझ्याकडे जोडी आहे, तिची ही पिल्लं. बरीच वर्षं आपल्या वन्यजीव कायद्यात परदेशी जातींचा उल्लेखच नव्हता. वनखातं हात लावू शकत नव्हतं, आणि कस्टम्सने पकडलं तर वाद वर्षानुवर्षं चालायचा.

जून २०२० मध्ये केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने एक योजना आणली. तुमच्याकडे परदेशी प्राणी-पक्षी असतील तर सहा महिन्यांच्या आत 'परिवेश' संकेतस्थळावर जाहीर करा. तुमच्याकडून कसलीही कागदपत्रं मागणार नाही. पुढे न्यायालयातही हे संरक्षण टिकलं. हेतू असा, की आधी किती प्राणी कुणाकडे आहेत ते कळावं आणि तिथून पुढे नोंद ठेवता यावी. तो मला पटतो. पण आतापर्यंतची सगळी चोरी त्यातून धुऊन निघाली, हेही खरं.

पक्कं काम २०२२ च्या दुरुस्तीने झालं. ती १ एप्रिल २०२३ पासून अमलात आली आणि सायटीसमधल्या जातींसाठी आपल्या कायद्यात स्वतंत्र चौथी अनुसूची आली. त्यानंतर फेब्रुवारी २०२४ मध्ये नोंदणीचे नियम निघाले. आता अशा जातीचा पक्षी ज्याच्याकडे आहे त्याने परिवेशवर नोंदणी करायची. पिल्लं झाली, पक्षी मेला, दुसऱ्याला दिला, तर तेही कळवायचं. सायटीसच्या पहिल्या परिशिष्टातल्या जातींची पैदास करायची असेल तर त्यासाठी वेगळा परवाना. सन कन्युअर घेऊन मॉलमध्ये फिरणाऱ्या अनेक तरुणांना याची गंधवार्ता नसते. दुकानदाराने सांगितलेलं असतं, 'फॉरेन बर्ड आहे, काही लागत नाही'. बजी आणि कॉकटीलच्या बाबतीत ते बरोबर आहे. सन कन्युअरच्या बाबतीत नाही. दक्षिण अमेरिकेच्या उत्तर टोकाला जंगलात तो आता धोक्यात आहे, त्याचं मोठं कारण पिंजऱ्यांसाठी झालेली पकडापकडी, आणि जगभरच्या घरांतली संख्या मात्र अमाप.

पिंजऱ्यातच जन्मलेला पक्षी ओळखायची एक खूण म्हणजे पायातली बंद रिंग. अखंड कडी असते ती, तिला जोड नसतो. पिल्लू काही दिवसांचं असतानाच ती पायात सरकवता येते. पाय वाढला की ना घालता येते, ना काढता येते. म्हणून जंगलातून पकडलेल्या मोठ्या पक्ष्याच्या पायात ती नसते. पण चोरलेल्या अंड्यातून निघालेल्या पिल्लाला ती आरामात घालता येते. डीएनए तपासणीने आई-बाप खरेच तेच आहेत का ते कळू शकतं, पण ती प्रत्येक दुकानात कोण करणार?

बंदीचा काही उपयोग होतो का, हा रास्त प्रश्न आहे. बर्ड फ्लूच्या भीतीने युरोपीय संघाने २००५ मध्ये जंगली पक्ष्यांची आयात थांबवली आणि २००७ मध्ये ती बंदी कायम केली. जगभरातला जंगली पक्ष्यांचा नोंदलेला व्यापार त्यानंतर नव्वद टक्क्यांच्या आसपास घसरला. उरलेला दुसऱ्या खंडांकडे वळला, हे खरं. तरीही इतका मोठा फरक कुठल्याही जंगलात पहारा वाढवून पडलेला नाही. घेणारा थांबला की बराचसा माल निघतच नाही.

बर्ड फ्लूचं भय पोकळ नव्हतं. २००४ मध्ये थायलंडहून ब्रसेल्सला आलेल्या एका प्रवाशाच्या हातातल्या सामानात दोन गरुड सापडले, दोघांनाही एच५एन१ या बर्ड फ्लूच्या विषाणूची लागण. पोपटांपासून माणसाला होणारा सिटॅकोसिस हा आजारही जुना ओळखीचा आहे. वाळलेल्या विष्ठेची धूळ श्वासात गेली की ताप आणि न्यूमोनिया. १९२९-३० मध्ये दक्षिण अमेरिकेतून गेलेल्या पोपटांमुळे तो अनेक देशांत पसरला होता. विलगीकरणाची कटकट असते ती यासाठी. चोरट्या पक्ष्याला ती लागू होत नाही.

मग घरातल्या पिंजऱ्याचं काय?

पक्षी घ्यायचाच असेल तर आधी जातीचं नेमकं नाव विचारा. 'लव्हबर्ड' हे नाव पुरेसं नाही. लव्हबर्डच्या नऊ जाती आहेत आणि नोंदणीतून सूट एकीलाच. मग परिवेशची नोंदणी आणि हस्तांतराचा कागद मागा. 'पेपर नंतर पाठवतो' असं उत्तर आलं तर पेपर नाहीत असं समजा. पोपट, मैना, मुनिया, बुलबुल, घुबड यांच्या देशी जाती कोणी देऊ करत असेल तर विचारण्यासारखं काही उरतच नाही. महाराष्ट्रात वनविभागाचा १९२६ हा टोल-फ्री क्रमांक आहे. तक्रार तिथे करता येते. आंतरराज्य किंवा सीमेपलीकडची टोळी वाटली तर २००७ मध्ये स्थापन झालेला केंद्राचा वन्यजीव गुन्हे नियंत्रण ब्यूरो आहे.

ज्यांच्या घरी आधीच मिठू आहे त्यांचा प्रश्न जास्त अवघड. हे वाचून लगेच पिंजऱ्याचं दार उघडू नका. दिल्ली उच्च न्यायालयाने २०१५ मध्ये पक्ष्यांना आकाशात उडण्याचा हक्क आहे असं म्हटलं, आणि ते ऐकायला छान वाटतं. पण वर्षानुवर्षं पिंजऱ्यात असलेल्या पोपटाच्या छातीचे स्नायू उडण्याइतके उरलेले नसतात. पंख कापलेले असतील तर जुनी पिसं गळून नवी येईपर्यंत महिने जातात. रानातलं काय खायचं ते त्याला कोणी शिकवलेलं नसतं, आणि मांजर व माणूस दोघांचीही भीती मेलेली असते. असा पोपट सोडला की तो समोरच्या गॅलरीत जाऊन बसतो, किंवा कावळ्यांच्या तावडीत सापडतो. वनविभागाशी बोलून त्याला उपचार केंद्रात द्यावा. नागपूरला सेमिनरी हिल्सवर असं केंद्र आहे, इतर शहरांतही वनविभागाच्या मदतीने चालणारी केंद्रं आहेत. तिथे मोठ्या जाळीच्या खोलीत इतर पोपटांबरोबर ठेवून, उडायला शिकवून, जमलंच तर सोडतात. सगळे सोडण्याजोगे होत नाहीत. काहींना उरलेलं आयुष्य माणसांच्याच देखरेखीत काढावं लागतं.

परदेशी पक्षी तर कधीच सोडू नये. तो इथे जगला नाही तर त्याचे हाल, आणि जगला तर लंडनमध्ये आपल्या पोपटांनी जे केलं ते इथे त्याच्याकडून होईल. आणि हे पक्षी पटकन मरतही नाहीत. मोठा मकाव किंवा आफ्रिकन ग्रे चाळीस-पन्नास वर्षं सहज काढतो. तिशीत घेतला तर निवृत्तीनंतरही तो ओरडत असेल, सोफ्याची कड कुरतडत असेल. त्याची नोंदणी मुलांच्या नावावर करायची वेळ येईल तेव्हा ती त्यांना हवी आहे का, हेही आधीच विचारून ठेवलेलं बरं.